पिवळसर की राखी? कोकणातल्या घरासाठी दोन फिक्या रंगांतून एक निवडताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गुहागरजवळ, किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे आणि आतून नवा गिलावा झाला आहे. ओटी पश्चिमेला, तिच्यापुढे पडवी आणि लाल मातीचं अंगण. ओटीची एक भिंत चिऱ्याची उघडीच ठेवली आहे. माजघराला उत्तरेकडे एकच खिडकी, आणि तिच्याबाहेर पोफळी (सुपारीची झाडं). खाली कोटा फरशी, दारं-चौकटी फणसाच्या, पॉलिश केलेल्या. शेडकार्डावर दोनच रंग उरलेत, दोन्ही पांढऱ्याच्या जवळचे. एक किंचित पिवळसर, दुसरा किंचित राखी. घरात दोन मतं आहेत, गणपतीच्या आत काम उरकायचं आहे, आणि दोघांतला चांगला कोणता, असं तुम्ही विचारता.

कार्डावरचे दोन्ही चांगलेच असणार, नाहीतर ते शेवटपर्यंत टिकले नसते. इतक्या जवळच्या फिक्या रंगांत ‘जास्त सुंदर कोणता’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि त्यावर घरात कितीही चर्चा केली तरी ती पुढे सरकत नाही. उत्तर मिळेल असा प्रश्न वेगळा आहे: तुमच्या खोलीत यांतला कोणता रंग कोणत्या वेळी बिघडतो, आणि ते बिघडणं तुम्हाला दिवसातून किती वेळ, वर्षातून किती महिने बघावं लागेल? फिका रंग स्वतःचं फार काही घेऊन येत नाही. अंगण, झाडं, फरशी, बल्ब यांच्याकडून जे मिळेल ते तो भिंतीवर दाखवतो. म्हणून निवड खोलीवरून करायची.

काही गोष्टी इथून सांगता येणार नाहीत. पोफळी खिडकीला किती चिकटून आहेत, पडवीच्या छपराची कड किती खाली उतरली आहे, कोटा हिरवट आहे की तपकिरी, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. तुम्ही पाठवलेल्या मोबाइलच्या फोटोंवरून मी रंगाबद्दल मत देणार नाही. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरा रंग आपल्या हिशोबाने सुधारून घेतो आणि आपण शोधतोय ती नेमकी बारीक झाकच पुसून टाकतो. पण तुम्ही जेवढं लिहिलं आहे त्यावरून बरंच सांगता येतं.

आधी दोन्ही रंगांची खरी झाक ओळखा. दुकानात मशीनवर रंग बनतो तेव्हा पांढऱ्या बेसमध्ये दोन-चार प्रकारच्या रंगद्रव्यांचे थेंब पडतात. प्रत्येक शेडचा फॉर्म्युला संगणकावर दिसतो, आणि दुकानदाराला विचारलंत तर तो सहसा दाखवतो. हा फॉर्म्युला बघायची सवय फार थोड्यांना आहे, पण दोन फिक्या रंगांतला फरक याच्याइतका स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही. पिवळा ऑक्साइड आणि काळा, एवढंच असेल तर तो रंग भिंतीवर हिरवटाकडे झुकणार, कारण पिवळ्यात काळा मिसळला की ऑलिव्हकडची झाक येते. त्या जोडीला थोडा लाल ऑक्साइड असेल तर हिरवटपणा मरतो आणि रंग उबदार होतो. लाल जास्त झाला की गुलाबी. राखी रंगात काळ्यासोबत निळं द्रव्य असेल तर तो पावसाळ्यात थंड पडणार. काळ्यासोबत थोडा पिवळा आणि थोडा लाल असेल तर तो बराच तटस्थ राहतो. तुमच्या दोन्ही शेडचे फॉर्म्युले लिहून आणा. पुढचा निम्मा निर्णय त्यावर आहे.

फॉर्म्युला मिळाला नाही तर साधा उपाय म्हणजे दोन्ही चिपा कोऱ्या पांढऱ्या कागदावर, एकमेकींपासून वीतभर लांब ठेवून सावलीत बघा. शेडकार्डाच्या रंगीत पानावर त्या दोन्ही पांढऱ्याच वाटतात. कोऱ्या कागदावर एक पिवळी की हिरवट, दुसरी निळसर की जांभळट, हे लगेच दिसू लागतं.

कार्डावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर एलआरव्ही हा आकडा दिला असेल तर तोही टिपून घ्या. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी सुमारे किती टक्के परत येतो, ते तो सांगतो. शुद्ध काळा 0, पूर्ण पांढरा 100. तुम्ही बघताय तसे रंग साधारण 70 ते 85 मध्ये असतात. दोघांत दोन-तीन आकड्यांचा फरक असेल तर विसरून जा, डोळ्याला तो कळणार नाही. सहा-सातचा फरक असेल तर माजघरासारख्या अंधाऱ्या खोलीत तो कळतो, आणि तिथे मोठा आकडा घ्यावा.

आता उजेड. इथे जरा जास्त थांबतो, कारण शहरातल्या फ्लॅटसाठी दिलेले सल्ले कोकणातल्या घराला इथेच लागू पडत नाहीत.

आपल्या घरांची छपरं खोल उतरलेली, पडव्या रुंद, खिडक्या बेताच्या. हे सगळं पावसासाठी केलेलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्याला दुसरा इलाज नाही. पण त्यामुळे आभाळाचा उजेड थेट आत फार कमी येतो. आत पोचतो तो जमिनीवर, चिऱ्याच्या गडग्यावर (कुंपणाच्या भिंतीवर) आणि झाडांवर आपटून आलेला उजेड, आणि तो येताना त्या त्या वस्तूचा रंग घेऊन येतो. उन्हाळ्यात लाल मातीच्या अंगणावरून ओटीत येणारा उजेड तांबूस असतो. जून-जुलैत त्याच अंगणात गवत उगवतं, गडगा शेवाळतो, वर ढग असतात, आणि त्याच ओटीत हिरवट-राखाडी उजेड येतो. म्हणजे एकाच भिंतीवर एकच रंग मे महिन्यात एक दिसतो आणि श्रावणात दुसराच. मे महिन्यात पसंत केलेला रंग पावसात ‘उतरला’ असं लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा रंग होता तसाच असतो, बदललेलं असतं ते अंगण.

यात भर आणि वजाबाकी चालते, असं धरून चाला. हिरव्या उजेडात हिरवट झाकेचा रंग आणखी हिरवा होतो, तर त्यात थोडा लाल असेल तर तो सावरतो. तांबूस उजेडात गुलाबी झाकेचा रंग अगदी गुलाबी दिसू लागतो, आणि जरा राखी रंग मात्र उबदार पांढरा वाटतो.

तुमची ओटी घ्या. दुपारी तीनपर्यंत पडवीचं छप्पर ऊन अडवतं. त्यानंतर सूर्य छपराखाली उतरतो आणि मावळेपर्यंत थेट ऊन आत येतं, शिवाय अंगणाचा तांबूस उजेड त्यात मिसळतो. या वेळी पिवळसर रंग चांगलाच केशरी होतो. राखी रंग याच वेळी सगळ्यात सुंदर दिसतो. सकाळी उलट होतं. ओटी सावलीत असते, समुद्राकडच्या मोकळ्या आभाळाचा निळसर उजेड असतो, आणि राखी रंग थोडा थंड वाटतो. पण ओटी मोकळी असल्याने उजेड भरपूर आहे, म्हणून तो मळकट दिसत नाही.

माजघर वेगळं. उत्तरेची खिडकी म्हणजे वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन नाही. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण त्यातला जूननंतरचा काळ ढगांचा. वर पोफळींचा हिरवा पडदा. म्हणजे तिथला उजेड कमी, हिरवट आणि दिवसभर जवळजवळ सारखा. कमी उजेडात राखी रंगाची नजाकत दिसतच नाही. तो नुसता मळलेल्या पांढऱ्यासारखा दिसतो, आणि नवीन रंग देऊनही भिंत जुनी वाटते. पिवळसर रंग कमी उजेडातही रंग म्हणून टिकतो. मात्र तो फक्त पिवळा ऑक्साइड आणि काळा यांचा असेल तर पोफळींच्या उजेडात हिरवट-पिवळा होईल, आणि हा प्रकार राखीपेक्षाही वाईट. फॉर्म्युला बघा म्हणून सुरुवातीलाच आग्रह केला तो याचसाठी.

यानंतर घरात जे बदलणार नाही त्याच्याशी रंग जुळवा. कोटा बहुधा हिरवट-राखाडी असतो. हिरवटाशेजारी गुलाबी झाक जास्त गुलाबी दिसते, म्हणून लाल ‘थोडा’ हवा, ठळक नको. फणसाचं लाकूड मुळात पिवळं, आणि वय वाढतं तसं ते तांबूस-तपकिरी होत जातं. आज पॉलिश केलेली चौकट पाच वर्षांनी आजच्यापेक्षा बरीच गडद असेल. पिवळसर भिंतीवर पिवळं लाकूड आज थोडं मिसळून जाईल, पुढे आपोआप उठून दिसेल. राखी भिंतीवर ते आजच उठून दिसतं. दोन्ही चालतं.

चिऱ्याच्या उघड्या भिंतीकडे मात्र नीट लक्ष द्या. चिरा तांबडा-तपकिरी आणि खोलीत सगळ्यात गडद. त्याच्याशेजारी डोळा तटस्थ राखी रंगात उलट बाजूची झाक पाहतो, म्हणजे निळसर-हिरवी. निळं द्रव्य असलेला राखी रंग चिऱ्याशेजारी सिमेंटसारखा दिसतो. पिवळ्या-लाल थेंबांनी उबदार केलेला राखी रंग चिऱ्याला छान साथ देतो. चिऱ्यावर चकाकणारा क्लिअर कोट मारायचा विचार असेल तर रंगाचे नमुने तो मारल्यावरच बघा, कारण ओला दिसणारा चिरा कोरड्यापेक्षा कितीतरी गडद असतो.

छत पांढरंशुभ्र ठेवणार असाल तर दोन्ही रंग जास्त रंगीत दिसतील. खिडक्यांच्या लोखंडी गजांना किंवा झडपांना पांढरा ऑइल पेंट देणार असाल तर तो अंधाऱ्या खोलीत दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो, आणि राखी भिंतीशेजारी तो पिवळेपणा फारच डोळ्यात येतो. माजघरात खिडकीला तेलाऐवजी पाण्यावर आधारित इनॅमल घ्या, तो पांढरा राहतो.

बल्बचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण सात वाजल्यानंतर घरातल्या भिंतीचा रंग तोच ठरवतो. खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, 4000 मधला, 3000 किंवा 2700 म्हणजे पिवळा. तुमच्याकडे सगळीकडे 6500 चे आहेत. त्यात राखी रंग निळा आणि कोरडा होतो, आणि तुमच्या घरच्यांना तो ‘दवाखान्यासारखा’ वाटतो म्हणता ते त्यामुळेच. कार्ड बघताना त्यांनी बहुधा संध्याकाळी या उजेडात बघितलं असणार. उलट 2700 च्या बल्बखाली पिवळसर रंग हळदीकडे जातो आणि राखी रंग सुंदर उबदार होतो. दोघांचं भांडण बरंचसं बल्बमुळे आहे. माझा सल्ला, नमुने बघायच्या आधीच ओटी आणि माजघर दोन्हीकडे 4000 चे बल्ब लावा. खोक्यावर सीआरआय दिला असेल तर 80 पेक्षा 90 वाला घ्या, त्यात लाकडाचा आणि चिऱ्याचा रंग खरा दिसतो. रंगकामाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

आता नमुने. काही कंपन्या 200 मिलिलिटरचे नमुन्याचे डबे देतात. ते मिळाले नाहीत तर 1 लिटर घ्या, वाया जात नाही. भिंतीवर थेट पट्टे मारू नका. ओल्या-सुक्या, वेगवेगळ्या शोषणाऱ्या गिलाव्यावर एकच रंग तीन तऱ्हेचा दिसतो, आणि नंतर त्या पट्ट्यांच्या कडा शेवटच्या रंगातूनही वर दिसतात. त्याऐवजी 2 फूट बाय 3 फुटाचे हार्डबोर्डचे चार तुकडे घ्या, प्रत्येक रंगाला दोन. हार्डबोर्ड तपकिरी असतो आणि रंग पितो, म्हणून आधी पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्या. मग रंगाचे दोन हात, रोलरने, मध्ये किमान सहा तास सोडून. पावसाळ्यात रात्रभर सोडा. ब्रशने केलेला नमुना रोलरच्या भिंतीपेक्षा वेगळा दिसतो. दुसरा हात दिल्यावर एक दिवस थांबल्याशिवाय मत बनवू नका. इमल्शन (पाण्यावर आधारित भिंतीचा रंग) ओलं असताना फिकं दिसतं, सुकल्यावर थोडं गडद होतं.

प्रत्येक रंगाचे दोन बोर्ड कशाला, तर ते खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करण्यासाठी. चार भिंतींना एकच रंग लागला की भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग चिपेपेक्षा गडद, जास्त रंगीत दिसतो. कोपऱ्यात समोरासमोर ठेवलेले दोन बोर्ड हा परिणाम थोडाफार दाखवतात, एकटी चिप कधीच दाखवत नाही. तिथेही शंका आली तर दोघांतला फिका घ्या, कारण पूर्ण खोलीत तो आणखी चढणारच आहे.

दोन रंगांचे बोर्ड शेजारी शेजारी ठेवून तुलना करायचा मोह होईल. तसं एकदा करा आणि झाक ओळखून घ्या, पण निर्णय त्यावरून घेऊ नका. शेजारी ठेवले की पिवळसर जास्त पिवळा आणि राखी जास्त राखी दिसतो. घरात ते असे शेजारी कधीच नसणार. एक दिवस एकच रंग कोपऱ्यात उभा ठेवा, दुसऱ्याचे बोर्ड दुसऱ्या खोलीत. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री दिव्यात बघा. प्रत्येक वेळी वहीत एवढंच लिहा: बरा, की बिघडला, आणि बिघडला तर कसा. हिरवा, गुलाबी, निळा, मळका. दुसऱ्या दिवशी दुसरा रंग. यात एक तरी दिवस ढगाळ हवा, आणि श्रावणात तो मिळायला अडचण नाही. घरातल्या दोन्ही मतांच्या माणसांनी वेगवेगळ्या वहीत लिहावं, एकमेकांचं न बघता. बहुतेकदा दोन्ही वह्यांत सारखंच निघतं.

एक बोर्ड चिऱ्याच्या भिंतीला लावून आणि खालची कड कोट्यावर टेकवून बघायला विसरू नका. टेबलावर आडवा ठेवलेला नमुना निरुपयोगी, कारण त्यावर वरचा उजेड पडतो आणि भिंतीवर तिरका.

तुम्ही लिहिलं आहे तेवढ्यावरून माझं मत असं. दोन खोल्यांना दोन रंग देण्यात तुम्हाला अडचण नसेल तर ओटीला राखी, माजघराला पिवळसर. मध्ये चौकट आणि उंबरठा आहे, रंग तिथे बदलला तर खटकत नाही, आणि एवढे जवळचे दोन रंग वेगळे आहेत हे पाहुण्यांच्या लक्षातही येणार नाही. एकच रंग लावायचा असेल तर पिवळसर, पण त्यात लाल ऑक्साइडचा थोडा अंश आहे याची खात्री करून, आणि 4000 च्या बल्बसह. कारण बिघडण्याचा हिशोब. पिवळसर रंग ओटीत जास्त होतो तो दुपारी तीननंतरचे तीन-चार तास, तोही उघडीप असेल तेव्हा, आणि त्या वेळचा केशरीपणा बहुतेकांना आवडतोच. राखी रंग माजघरात बिघडतो तो दिवसभर, आणि पावसाचे चार महिने तर सलग. शिवाय आपल्याकडे मार्च ते मे लाल धूळ उडते, ती राखी भिंतीवर खिडकीभोवती आणि जमिनीपासून दोन फुटांपर्यंत लवकर दिसते, पिवळसर भिंतीत पुष्कळ सामावते.

पिवळसर आवडतो पण जास्त वाटतो, अशी बोर्डांवरून शंका आली तर दुकानात तोच फॉर्म्युला अर्ध्या प्रमाणात टाकून मागा. मशीनवर तसं करता येतं. मात्र अर्ध्या प्रमाणाचाही नमुना करून बघा, आणि डब्यावर ‘50 टक्के’ असं लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी पूर्ण शेड येईल. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर ‘जुळवून’ घेऊ नका. गडद रंगात ते खपून जातं, फिक्या रंगात झाकच बदलते. त्याच कंपनीच्या स्वस्त आणि महाग इमल्शनमध्येही बेस वेगळा असतो. नमुना ज्या इमल्शनमध्ये केला, भिंतीलाही तेच लावा.

चकाकी किती घ्यायची? तुमच्या ओटीत संध्याकाळचं ऊन भिंतीवर तिरकं येतं. चिऱ्यावरच्या गिलाव्यात बारीक उंचसखलपणा राहतोच, आणि चकाकणाऱ्या रंगावर तिरक्या उजेडात प्रत्येक लाट दिसते. ओटीला मॅट घ्या. माजघरात हात लागतात, देव्हारा तिथेच असेल तर धूर-काजळी असते, तिथे पुसता येईल असा किंचित चमकीचा घ्या. 

गणपतीबद्दल स्पष्ट बोलतो. गिलावा नवा आहे आणि भिंती जाड आहेत. गिलाव्याला पाणी मारणं थांबल्यावर चांगल्या हवेत निदान 28 दिवस सुकू द्यावं लागतं, पावसाळ्यात त्याच्या दुप्पटही लागतात. अंदाज करू नका, तपासा. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा. जमिनीपासून एक फुटावर एक आणि छातीच्या उंचीवर एक. दुसऱ्या दिवशी आतून थेंब किंवा ओलसर गडद डाग दिसला तर त्या भिंतीला पुट्टी लावायची नाही. ओलीवर पुट्टी लावली तर फुगे येतात, मग पोपडे, आणि तुमची सगळी रंगाची निवड दिवाळीपर्यंत खाली पडलेली असते.

पांढरी बुरशीसारखी पूड भिंतीवर फुलत असेल तर तो लोणा. वाळूतल्या, पाण्यातल्या किंवा चिऱ्यातल्या क्षारांमुळे किनाऱ्याजवळ तो सर्रास येतो. कोरड्या कडक ब्रशने झाडून काढा, धुऊ नका. धुतलं की मीठ विरघळून परत भिंतीत जातं. झाडल्यावर पंधरा दिवस बघा. परत फुलला तर ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय रंग नको. बहुतेकदा जोत्यालगत साचणारं पाणी किंवा पन्हळीची गळती निघते. काळे-हिरवे ठिपके असतील तर ती खरी बुरशी. तिला बुरशीनाशक द्रावण लावून, सुकवून, मगच पुढचं काम.

भिंती सुक्या निघाल्या तर क्रम असा: पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन पातळ हातांत, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाड नाही. सुकल्यावर आधी 180 आणि मग 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, धूळ कोरड्या कापडाने पूर्ण काढायची, पाण्याच्या प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. पुट्टीनंतरचा प्रायमर काही रंगारी गाळतात. तसं झालं की पुट्टी जागोजाग कमी-जास्त रंग पिते, फिका रंग ढगाळ दिसतो आणि दोष शेडला दिला जातो. प्रायमर झाला की मला सांगा, असं त्यांना आधीच सांगून ठेवा. दमट हवेत संध्याकाळी पाचनंतर शेवटचा हात देऊ नका. रात्री रंग सुकत नाही, त्यातली साबणासारखी द्रव्यं वर येऊन चिकट, तपकिरी ओघळ दिसतात. आलेच तर आठवड्यानंतर ओल्या फडक्याने हलके पुसले की जातात, त्यावर परत रंग मारायची गरज नसते.

भिंती ओल्या निघाल्या तर यंदा नुसतं स्वच्छ झाडून घ्या आणि मखराच्या मागची एक भिंत तेवढी कापडाने सजवा. घाईत चुना मात्र मारू नका. चुन्यावर इमल्शन धरत नाही, नंतर सगळा खरवडून काढावा लागतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी असते, रंगकामासाठी किनाऱ्यावर याहून चांगला काळ नाही. तोपर्यंत बोर्ड घरात आहेतच. पावसाळी उजेडात एकदा आणि हिवाळ्यात एकदा बघून घ्या.

माप काढताना तुमचं माजघर 12 बाय 14 फूट आणि उंची 10 धरतो. चार भिंती 52 गुणिले 10, म्हणजे 520 चौरस फूट. दोन दारं 3 बाय 7 ची, म्हणजे 42, आणि खिडकी 4 बाय 4 ची, 16. उरले 462. नीट पुट्टी-प्रायमर झालेल्या भिंतीवर दोन हातांना लिटरमागे 110 ते 130 चौरस फूट धरा. म्हणजे 4 लिटर लागतील, आणि हात राखायला 1 लिटर वर. खडबडीत भिंतीवर हेच लिटर 80-90 फुटांतच संपतं. सगळा रंग एकाच दिवशी, एकाच मशीनवर बनवून घ्या. फिक्या शेडमध्ये रंगद्रव्य इतकं थोडं पडतं की एका थेंबाच्या फरकानेही 1 लिटरचा डबा 4 लिटरच्या डब्यापेक्षा वेगळा उतरू शकतो. म्हणून काम सुरू करण्याआधी एका खोलीचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळून घ्या. ते जमलं नाही तर निदान डबा बदलायचा तो भिंतीच्या मध्यावर नाही, कोपऱ्यावर. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात भरा आणि वर शेडचा कोड, इमल्शनचं नाव, खोली आणि तारीख लिहून ठेवा. नमुन्याचे बोर्डही टाकू नका, पुढच्या वेळी डागडुजीला रंग जुळतो की नाही ते त्यावरच बघता येईल.

फॉर्म्युल्यातली द्रव्यं आणि दोन्ही वह्यांतल्या नोंदी इथे लिहिल्यात तर आणखी नेमकं सांगता येईल.